वाचक विचारतात : ‘मा निश्मा’, ‘खेश्बोन’ आणि तीन अक्षरांची भानगड

मागच्या अंकात कोकणातल्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, मलिद्यावर लेख आला होता. आम्हाला वाटलं पोहे-नारळाच्या प्रमाणाबद्दल पत्रं येतील, तर निम्म्याहून जास्त पत्रं हिब्रू भाषेबद्दल! कुणाचा मुलगा तेल अवीवला पोस्टडॉक करतोय, कुणाची बहीण हायफात केअरगिव्हर आहे, कुणाला नुसताच किडा. काही निवडक प्रश्न घेतलेत. हिब्रू शब्द सगळे देवनागरीतच लिहिलेत, ‘ख’ दिसला की तो आपल्या खडूतला ख नाही, घसा साफ करताना येतो तसा खरखरीत, ह आणि ख यांच्या मधला.

प्रश्न : लहानपणी आमच्या शेजारी बेने इस्राएल कुटुंब होतं, त्यांच्याकडे रोज ‘शमा इस्राएल’ म्हणायचे ते अजून कानात आहे. आता माझा नातू तिकडे नोकरीला आहे, तो सांगतो की तिथे भेटल्यावर ‘मा निश्मा’ म्हणतात. मला उगाच वाटतं की दोन्हीत एकच शब्द आहे. खरंय का? – एक आजोबा, अलिबाग

आजोबा, उगाच नाही, अगदी बरोबर पकडलंत. दोन्हीचं मूळ एकच, श-म-अ, म्हणजे ऐकणे. ‘शमा इस्राएल’ म्हणजे ‘ऐक, हे इस्राएल’. बेने इस्राएलांबद्दल नेहमी सांगतात ना, की नवगावच्या किनाऱ्याला लागल्यावर शेकडो वर्षं पोथ्या नाहीत, हिब्रू विसरले, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून गावानं ‘शनिवार तेली’ नाव ठेवलं, पण ही एक प्रार्थना तोंडात राहिली. ती हीच. दाराच्या चौकटीवर जी मेझुझा नावाची छोटी डबी लावतात तिच्या आतल्या चर्मपत्रावरही हेच लिहिलेलं असतं.

आणि ‘मा निश्मा’ म्हणजे शब्दशः ‘काय ऐकू येतंय?’, आपल्या ‘काय म्हणता?’सारखं. यिद्दिशमध्ये, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत, असंच विचारायची पद्धत होती, तिच्यावरून हिब्रूत बेतलेलं आहे. उत्तर बहुतेक वेळा ‘बेसेदेर’ म्हणजे ठीक, किंवा ‘हाकोल बेसेदेर’ म्हणजे सगळं ठीक. कुणी ‘मा निश्मा’ विचारलं म्हणून आपली गुडघेदुखी सांगत बसू नये, ते पुढे निघून गेलेले असतात.

याच मुळाचे आणखी शब्द बघा, श्मुआ म्हणजे अफवा, कानावर आलेली गोष्ट. माश्माऊत म्हणजे अर्थ. आणि मिश्माअत म्हणजे शिस्त! यात मराठी माणसाला नवल वाटायचं काही कारण नाही कारण आपणही ‘पोरगं अजिबात ऐकत नाही’ म्हणतो तेव्हा कानाचा डॉक्टर शोधत नाही. शिमोन हे नावसुद्धा यातलंच. नातवाला विचारा त्याच्या ऑफिसात एखादा शिमोन आहे का, असणारच.

प्रश्न : मी मोबाईल ॲपवरून हिब्रू शिकतेय. ॲप नुसती वाक्यं पाठ करून घेतं. एक ओळखीचे सर म्हणतात आधी धातू शिक, सगळी भाषा तीन अक्षरी धातूंवर उभी आहे, वाक्यं आपोआप येतील. नक्की काय करू? – एक विद्यार्थिनी, पुणे

आधी बोली वाक्यं पाठ कर. सरांचं म्हणणं खोटं नाही पण क्रम उलटा आहे. धातू म्हणजे हिब्रूत शोरेश, शब्दशः झाडाचं मूळ. ती बहुतेक वेळा तीन व्यंजनं असतात आणि त्यांच्या आजूबाजूला स्वर आणि एखाददुसरं अक्षर बदललं की शब्द तयार. पण नुसत्या मुळावरून शब्द बनवायला बसलीस तर असे शब्द बनतील जे कुणी बोलतच नाही. मूळ हे आलेला शब्द डोक्यात टिकवायला आहे, नवा शब्द हवेतून काढायला नाही.

हे करून बघ. शालोम तुला येतोच. श-ल-म, म्हणजे अखंड, पुरं, काही बाकी न राहिलेलं. शालेम म्हणजे पूर्ण. मुश्लाम म्हणजे परफेक्ट. आता दुकानात गेलीस आणि लेशालेम ऐकलंस, तर ते आहे पैसे देणे, कारण दिले की व्यवहार पुरा, बाकी शून्य. ताश्लूम म्हणजे पेमेंट. ‘मा श्लोमेख?’ म्हणजे तू कशी आहेस (मुलाला विचारताना ‘मा श्लोमखा?’). आजारी माणसाला ‘रेफुआ श्लेमा’ म्हणतात, म्हणजे पूर्ण बरं वाटू दे. बघ, चार वेगळ्या वेळी चार वेगळ्या लोकांकडून ऐकलेले शब्द एका दोरीत आले की मग सुटत नाहीत. दोरी आधी हातात घेऊन काय करणार?

दुसरं, बेसेदेर. बे म्हणजे ‘मध्ये’, सेदेर म्हणजे क्रम, मांडणी. म्हणून ‘बेसेदेर’ = सगळं जागच्या जागी. पेसाख या ज्यूंच्या सणाच्या रात्रीचं जे जेवण असतं त्याला सेदेर म्हणतात कारण त्यात काय कधी खायचं, काय कधी वाचायचं सगळं ठरलेल्या क्रमानं. ते ज्यातून वाचतात ती हागादा पुण्यात १८७४ साली हिब्रू आणि मराठी दोन्हीत छापलेली आहे, तू पुण्याचीच आहेस म्हणून मुद्दाम सांगतोय. रोजच्या प्रार्थनेचं पुस्तक सिद्दूर, टीव्ही सिरियल म्हणजे सिद्रा, सगळी एकाच घरातली.

आता सरांच्या बाजूनं एक गोष्ट. हिब्रूत मुळं इतकी उघडी दिसतात याचं एक कारण म्हणजे बरेच शब्द अलीकडे मुद्दाम पाडलेत. हिब्रू पुन्हा रोजच्या बोलण्यात आणायचा ध्यास घेतलेला एलिएझेर बेन येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला आला, घरात फक्त हिब्रू बोलायचं असा हट्ट धरला, पुढच्या वर्षी झालेल्या मुलाला दुसरी भाषा कानावर पडू दिली नाही. पण वर्तमानपत्राला शब्द नाही, डिक्शनरीला नाही, मग एत म्हणजे काळ यावरून इतोन म्हणजे वर्तमानपत्र, मिला म्हणजे शब्द यावरून मिलोन म्हणजे शब्दकोश. आपल्याकडे सावरकरांनी महापौर, दिनांक वगैरे रुजवले तसंच, फक्त तिकडे अख्खी रोजची भाषाच अशी उभी केली. नवे शब्द ठरवण्याचं काम आता हिब्रू भाषेची अकादमी करते, ती १९५३ पासून.

आणि एक सावधगिरी, मग पुढचा प्रश्न घेतो. लेखेम म्हणजे ब्रेड, मिल्खामा म्हणजे युद्ध. दोन्हीत ल-ख-म. यावरून ‘भाकरीसाठीच युद्धं होतात’ असलं तत्त्वज्ञान सांगणारे लोक भेटतात. ऐकायला झकास, पण त्यावर विसंबू नकोस.

प्रश्न : मी महसूल खात्यातून रिटायर झालो. हिब्रू आणि अरबी बहिणी आहेत असं वाचलं. आमच्या दप्तरात अरबी-फारसी शब्दांचा सुळसुळाट होता. त्याचा हिब्रू शिकायला काही उपयोग होईल का, की या वयात नाद सोडू? – एक वाचक, सातारा

नाद अजिबात सोडू नका, तुमच्याकडे तर कॉलेजच्या पोरांपेक्षा जास्त भांडवल आहे! शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन हे शब्द काढायला लावले, तरी तुमच्या खात्यात ते ठाण मांडून बसलेच, तर आता त्यांच्याकडून काम करून घ्या.

हिशोब घ्या. अरबी ह-स-ब. हिब्रूत ख-श-ब. हॉटेलात जेवण झालं की वेटरला म्हणायचं, ‘खेश्बोन, बेवाकाशा’, बिल आणा प्लीज. त्याच मुळाचं लाख्शोव म्हणजे विचार करणे, माख्शावा म्हणजे विचार, आणि माख्शेव म्हणजे कॉम्प्युटर. म्हणजे हिशोबाची वही आणि कॉम्प्युटर तिकडे सख्खे.

मग मुक्काम. ‘मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक’ तुम्ही आयुष्यभर लिहिलंत. हिब्रूत माकोम म्हणजे जागा. बसमध्ये चढून ‘येश माकोम?’ म्हटलं की ‘जागा आहे का?’ इथे एक नियम सापडतो बघा, अरबीतला लांब ‘आ’ हिब्रूत बरेचदा ‘ओ’ होतो आणि अरबी ‘स’ चा हिब्रूत बरेचदा ‘श’. सलाम – शालोम, मुकाम – माकोम. तुमचा ‘कायम’सुद्धा याच मुळाचा, हिब्रूत कायाम म्हणजे अस्तित्वात असलेलं.

मजकूर तर तुमच्या खास जिव्हाळ्याचा असणार, ‘मौजे मजकूर’, ‘सदर मजकूर इसम’. अरबीत त्याचा अर्थ ‘उल्लेख केलेला’. मूळ आठवण काढणे. हिब्रूत तिथे ‘झ’ येतो, झ-ख-र. झिकारोन म्हणजे आठवण, स्मृती. माझ्कीर म्हणजे सेक्रेटरी, ज्यानं साहेबाला आठवण करून द्यायची. ताझ्कीर म्हणजे मेमो. तुम्हाला किती ताझ्कीर मिळाले ते विचारत नाही.

कबूल घ्या, क-ब-ल, स्वीकारणे. हिब्रूत लेकाबेल म्हणजे मिळणे, घेणे, आणि काबाला म्हणजे पावती. दुकानदार विचारतो ‘काबाला?’ तर तो तुम्हाला यहुदी गूढविद्या शिकवत नाहीये, पावती हवी का एवढंच विचारतोय. गूढविद्येचं नाव तेच आहे खरं, गुरूकडून मिळालेलं ज्ञान म्हणून.

इमान, अमानत, बेइमान यांच्यात अ-म-न, हिब्रूत एमुना म्हणजे श्रद्धा, नेएमान म्हणजे विश्वासू, आणि चर्चमध्ये ऐकतो ते आमेन. आणि रहम! मुंबईत मांडवीला १७९६ मध्ये बांधलेलं बेने इस्राएलांचं जुनं सिनेगॉग आहे त्याचं नाव ‘शाआर हाराखामीम’, दयेचं दार. राखामीम म्हणजे दया आणि रेखेम म्हणजे गर्भाशय, मूळ एकच. आईच्या पोटातूनच माया येते हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

अशी यादी तुम्ही स्वतः वाढवू शकाल. मात्र फारसीतून आलेले दप्तर, दरबार, सरकार असले शब्द बाजूला ठेवा, फारसी वेगळ्या कुळातली, ती आपल्या संस्कृतची नातेवाईक.

प्रश्न : हिब्रूत भारताला ‘होदू’ म्हणतात आणि धन्यवादाला ‘तोदा’. स्तोत्रात पण ‘होदू’ म्हणजे ‘आभार माना’ असं येतं. म्हणजे त्यांच्या भाषेत भारत म्हणजे कृतज्ञतेचा देश, असं एक फॉरवर्ड आलंय. छापाल का? – एक वाचक, नागपूर

छापतो, पण खोडून. भारताचं होदू आलं सिंधूवरून, सिंधूचं इराणी लोकांच्या तोंडी हिंदू, त्यातून होदू. बायबलातल्या एस्तेरच्या पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात राजाचं राज्य ‘होदूपासून कूशपर्यंत’ होतं असं आहे. आणि आभारवालं होदू क्रियापद आहे, तोदाच्या मुळाचं, येहुदा हे नावही तिथलंच. दोघांचा उच्चार जुळला, नातं नाही.

अजून एक होदू आहे ते फॉरवर्डवाल्यांना सांगू नका, टर्की नावाचा तो मोठा पक्षी, कोंबडीसारखा, त्यालाही होदूच म्हणतात. तिकडे शावर्मा बरेचदा टर्कीचाच असतो, त्यामुळे मेन्यूत ‘शावर्मा होदू’ दिसलं म्हणून ‘आपल्या देशाचा काहीतरी खास पदार्थ’ म्हणून मागवू नये.

प्रश्न : मी हायफाला एका ८० च्या पुढच्या आजींची काळजी घ्यायला आलेय. क्लास करायला वेळ नाही. हिब्रूत ‘तुम्ही’ नाहीच का? एवढ्या म्हाताऱ्या बाईंना एकेरीत हाक मारायला जीभ रेटत नाही. आणि रोजचं लागणारं काही सांगा. – एक वाचक, मूळच्या वसईच्या

ताई, नाहीच. पुरुषाला अता, बाईला अत, मग तो पंतप्रधान असो की शेजारचं पोर. अतेम आहे पण ते अनेकांसाठी, एका माणसाला आदरानं अतेम म्हटलंत तर आजी मागे वळून बघतील अजून कोण आलंय. तिकडे शाळेतली मुलंसुद्धा बाईंना नावानं हाक मारतात. त्यामुळे अपमान वगैरे काही होत नाही, आवाजात मार्दव असलं की पुरे. घरातले ‘सावता’ म्हणजे आजी म्हणत असतील आणि त्यांना चालत असेल तर तुम्हीही सावता म्हणा, ते आपल्याला सोपं जातं.

सकाळी ‘बोकेर तोव’. त्या ‘बोकेर ओर’ म्हणतील, म्हणजे प्रकाशाची सकाळ, ठरलेलं उत्तर आहे. ‘मा श्लोमेख?’ कशा आहात. दुखत असेल तर ‘एइफो कोएव लाख?’, कुठे दुखतंय. त्या ‘कोएव ली’ म्हणून जागा दाखवतील. गोळी म्हणजे कादूर, चेंडूलाही कादूरच म्हणतात, गोल असलं की झालं. र-फ-अ हे मूळ तुमच्या रोजच्या कामाचं आहे, रोफे म्हणजे डॉक्टर (बाई असेल तर रोफा), त्रुफा म्हणजे औषध, मिर्पाआ म्हणजे दवाखाना, आणि वर आलेलं रेफुआ श्लेमा. प आणि फ एकाच अक्षराचे दोन उच्चार आहेत म्हणून मिर्पाआत प आलाय, गोंधळू नका. ख-ल-ह म्हणजे आजार, बेत खोलीम म्हणजे हॉस्पिटल.

जिना उतरताना ‘लेआत लेआत’. हळूहळू! दोनदाच म्हणायचं, आपल्यासारखं.

आणि आजींनी पाचही बोटांची टोकं एकत्र जुळवून हात वर धरला आणि हलवला तर त्या रागावल्या नाहीत, ‘रेगा’ म्हणतायत, एक मिनिट थांब. त्याच्या पुढची पायरी ‘साव्लानूत’, धीर धर. त्याचं मूळ स-ब-ल म्हणजे ओझं वाहणे, साबाल म्हणजे हमाल. (ब चा व कसा झाला? पुन्हा तेच, एका अक्षराचे दोन उच्चार.) तुमच्या कामात साव्लानूत किती लागतं ते तुम्हीच जाणता.

एक गोष्ट मात्र तुम्हाला फुकट मिळालीय. आपण बाईमाणूस ‘मी बोलते’ म्हणतो आणि पुरुष ‘मी बोलतो’. हिब्रूतही तसंच, तुम्ही ‘अनी मेदाबेरेत’, पुरुष ‘अनी मेदाबेर’. इंग्रजीवाल्यांना हे सवयीचं करायला महिने लागतात. फक्त ‘अनी’ म्हणजे मी, आपलं ‘आणि’ नव्हे, आणि हिब्रूत ‘मी’ म्हणजे ‘कोण’. हे दोन-चार दिवस डोकं खाईल. शिवाय त्यांचा ‘त्स’ आपल्या चमच्यातला, चाकातला च आहे, त्यामुळे ‘अनी रोत्सा’ म्हणजे मला पाहिजे, हे तुम्ही उत्तर भारतातल्या मैत्रिणींपेक्षा चांगलं म्हणाल.

प्रश्न : आमच्या भागातले काही शेतकरी ठिबकचं बघायला इस्रायलला जाऊन आले. तिकडे ठिबकला काय म्हणतात? – एक डाळिंब बागायतदार, सांगोला

तिफ्तूफ. तिपा म्हणजे थेंब, त्यावरून. आपलं टिपटिप जसं आवाजावरून तसंच दिसतंय. आणि तुमच्या नळ्यांवर ‘नेताफीम’ वाचलं असेल, तेही थेंब, न-त-फ म्हणजे टपकणे, ही कंपनी १९६५ साली हात्सेरीम नावाच्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतीत, सुरू झाली.

प्रश्न : डिक्शनरीत शब्दच सापडत नाहीत! ‘लेहित्राओत’ ल मध्ये शोधलं, नाही. ‘बाबायित’ ब मध्ये, नाही. काही युक्ती? शिवाय स्वरच लिहीत नाहीत, वाचायचं कसं? – एक वाचक, डोंबिवली

आपण घरात, घरून, घराला असं सगळं शेपटाला लावतो, हिब्रू डोक्याला लावते. बायित म्हणजे घर, बाबायित घरात, लाबायित घराकडे, मेहाबायित घरातून. अशी पुढे चिकटणारी सात अक्षरं आहेत आणि ती लक्षात ठेवायला तिथली शाळकरी मुलं ‘मोशे वेकालेव’ म्हणतात, मोशे आणि कालेव, बायबलातली दोन माणसं. म, श, ह, व, क, ल, ब. शब्द सापडला नाही की आधी यातलं काही पुढे लटकलंय का ते बघायचं, काढायचं, मग शोधायचं. लेहित्राओत म्हणजे पुन्हा भेटू, त्यातलं ‘ले’ गेलं, ‘हित’ हा क्रियापदाचा साचा गेला, राहिलं र-अ-ह, म्हणजे बघणे. रेई म्हणजे आरसा, रेआयोन म्हणजे मुलाखत, तीही इथेच. मोबाईलवरच्या डिक्शनऱ्या हल्ली हे स्वतः सोडवतात, पण पहिले काही महिने हातानं सोडवाच.

स्वरांचं म्हणाल तर लहान मुलांच्या पुस्तकांत आणि प्रार्थनेच्या पुस्तकांत खाली-वर टिंब-रेघा देऊन दाखवतात, पेपरात नाही. स-फ-र लिहिलं की सेफेर म्हणजे पुस्तक, सापार म्हणजे न्हावी, साफार म्हणजे त्यानं मोजलं. वाक्यावरूनच ठरवायचं, मोडी वाचणारे संदर्भावरून शब्द लावतात तसं. न्हाव्याकडे पुस्तक कापायला कुणी जात नाही.

प्रश्न : तिकडच्या मित्रांच्या चॅटमध्ये यल्ला, सबाबा, खलास, बालागान असले शब्द असतात, यांची मुळं काय? आणि एकानं माझ्या गाण्याला ‘खावाल अल हाझ्मान’ म्हटलं, ट्रान्सलेटर म्हणतो ‘वेळ वाया’. राग मानू का? अजून एक, मोठ्या भावानं आणि वहिनीनं तिकडे फ्लॅट घेतलाय, अभिनंदन कसं करू? – एक वाचक, कोल्हापूर

यांची हिब्रू मुळं शोधत बसू नकोस, नाहीत. यल्ला, सबाबा, खलास हे अरबी बोलीतून घेतलेत, खलास म्हणजे आपलं मुंबईचं खल्लासच, बास झालं. बालागान म्हणजे गोंधळ, पसारा, ते फारसी बालाखान्यावरून रशियन करत करत तिथे पोचलं. फोन ठेवताना ‘यल्ला बाय’ म्हणतात, अर्धं अरबी अर्धं इंग्रजी, आणि बोलणारा मात्र पक्का हिब्रूवाला.

राग अजिबात नको. ‘खावाल अल हाझ्मान’ म्हणजे ‘वेळेबद्दल हळहळ’, आधी ‘जाऊ दे, फुकट वेळ’ अशा अर्थानं होतं आणि अजूनही आहे, पण तरुण पोरांनी ते ‘इतकं भारी की सांगत बसण्यात वेळ जाईल’ असं करून टाकलं. ‘अल हापानीम’ म्हणाला असता, शब्दशः ‘तोंडावर’, तर मात्र वाईट, एकदम बेकार. हे आपल्याला समजायला सोपं, आपणही तोंडावर आपटतोच.

भाऊ-वहिनीला नुसतं ‘माझाल तोव’ म्हटलंस तरी चालेल, पण त्याहून छान शब्द आहे. कुणी नवा शर्ट घातला, केस कापले, सोफा घेतला, घर घेतलं की ‘तित्खादेश’ म्हणतात, साधारण ‘नवा हो’. मूळ ख-द-श. खादाश म्हणजे नवा, खादाशोत म्हणजे बातम्या, आणि खोदेश म्हणजे महिना, कारण त्यांचा महिना अमावास्येनंतरच्या नव्या चंद्रानं सुरू होतो, आपल्या मराठी महिन्यासारखाच, आणि मेळ बसवायला अधिक महिनाही धरतात. एकट्या भावाला ‘तित्खादेश’, एकट्या वहिनीला ‘तित्खादशी’, दोघांना एकाच मेसेजमध्ये पाठवणार असशील तर ‘तित्खादशू’.